टोपलीत चेंडू टाकायची नोकरी

पहिल्या मुलाखतीत तोंडामुळे मला नोकरी मिळाली आणि शेवटच्या मुलाखतीत तोंडामुळेच ती हातची गेली. मधली वर्षं मी पायांवर काढली.

पहिली मुलाखत हैदराबादला झाली. पोलीस ॲक्शन होऊन वर्ष उलटलं होतं, निजामाच्या जागी नवं सरकार आलं होतं आणि खात्याखात्यांतून माणसं भरायला लागली होती. मी खटकचिंचोळीचा. मॅट्रिक कसाबसा झालेला, आणि वडिलांच्या, म्हणजे अप्पांच्या, भुसार दुकानात बसायचा कंटाळा आलेला. बसायचा म्हणजे खरोखरच बसायचा. मला एका जागी ठरत नाही. गादीवर टेकलो की माझा गुडघा हलायला लागायचा, गुडघ्याबरोबर तराजू हलायचा, आणि तराजू हलला की गिऱ्हाईक संशयानं अप्पांकडे बघायचं.

"तू भाइर जा बाबा," अप्पा म्हणायचे. "तुझ्या गुडघ्यानं माझी इज्जत चालली."

म्हणून बाहेर गेलो. अप्पांच्या मनात होतं त्यापेक्षा जरा लांब.

खात्याचं नाव सांगत नाही. ते खातं आता उरलं नाही, पण त्यातले काही साहेब अजून ठणठणीत आहेत. कारकुनाच्या जागेसाठी रांग होती. माझी पाळी आली तेव्हा टेबलामागच्या साहेबांनी माझे कागद उघडलेच नाहीत. त्यांनी मला पायापासून वरपर्यंत पाहिलं. माझ्याकडे बहुतेकांना तसंच पाहावं लागतं. दारांच्या चौकटींशी माझं जुनं वैर आहे.

"बास्केटबॉल खेलते?" त्यांनी विचारलं.

हा शब्द मी तेव्हा पहिल्यांदा ऐकत होतो. पण साहेबानं विचारल्यावर नाही म्हणायचं, असं आमच्याकडे कुणी शिकवलेलं नव्हतं. "हौ साहेब," मी म्हटलं.

"कौनसी जगा?" म्हणजे संघात कुठल्या जागी खेळता.

"भालकी," मी म्हटलं.

साहेब हसले नाहीत. भालकी ही खेळातली एखादी नवी जागा असेल, असं त्यांना वाटलं असावं. त्यांनी मला घेतलं.

त्या काळी मोठ्या खात्यांचे आपापले संघ असत. खेळाडूंना कागदावर कारकून म्हणून लावून घ्यायचं, सकाळी सही करायला बोलवायचं आणि मग मैदानावर सोडायचं, अशी रीत होती. जिंकलं की खात्याची शान वाढायची आणि साहेबांचे फोटो निघायचे. मैदान मुरमाचं, दोन टोकांना दोन खांब, खांबांवर फळ्या, आणि फळीला लोखंडी कडं नि जाळं. त्या जाळ्यातून चेंडू पाडायचा. एवढ्यासाठी सरकार पगार देतं, यावर पहिला महिनाभर माझाही विश्वास बसला नाही.

मला येत होता एकच खेळ, हुतूतू. पहिल्या दिवशी समोरचा गडी चेंडू आपटत माझ्याकडे आला. मी श्वास कोंडला, खाली वाकलो आणि त्याचा पाय धरला. धरला तो सोडलाच नाही. तो पडला, चेंडू कुंपणापर्यंत गेला, आणि मी त्याचा घोटा छातीशी आवळून "धरला, धरला" म्हणत बसलो.

आमचा कप्तान शांतपणे जवळ आला. हैदराबादचा जुना माणूस, निजामाच्या वेळेपासून खेळत आलेला, गालात कायम पान. राज्य गेलं तशी त्याची कचेरीतली वरची जागाही गेली होती, पण मैदानावर ते त्याला कुणी विचारत नसे. तो माझ्याशेजारी उकिडवा बसला आणि म्हणाला, "मियाँ, आदमी को नक्को पकडो. गेंद को पकडो. आदमी बहुत मिलते, गेंद एकीच है."

त्या एका वाक्यावर पुढची सगळी वर्षं शिकलो. चेंडू हातात घेऊन चालायचं नाही, पळायचं असेल तर आपटत पळायचं, हे माझ्या पायांना कळायला एक पावसाळा गेला. पण एकदा कळल्यावर मला आयुष्यात प्रथमच अशी जागा सापडली, जिथे न बसण्याबद्दल कुणी बोलत नव्हतं. उलट कडेच्या बाकावर बसवणं हीच तिथली शिक्षा होती.

आम्ही लिंगायत. गळ्यातलं लिंग मी कापडानं छातीशी घट्ट बांधून बनियनच्या आत घेत असे. एखादा नवा पंच "ये क्या है, निकालो" म्हणत आला, की मी काही बोलायच्या आत कप्तान मध्ये पडायचा. "वो उसका है. बदन से अलग नई करते उनमें. रहने दो, किसी को नई लगता." आणि बाहेरगावी सामने असले की खानावळीत सगळ्यात आधी माझी खिचडी वेगळी काढून ठेवायला सांगायचा, मग स्वतःचं ताट मागायचा.

पहिल्या सुट्टीत गावी गेलो तेव्हा अप्पांनी दुकानातली दोन गिऱ्हाइकं थांबवून चौकशी केली.

"मंग, काय करायलास तिथं?"

"चेंडू खेळतो, अप्पा."

"ते कळलं. काम काय करायलास?"

"तेच काम हाय."

"त्याचा पगार कामून देतेत?"

"जिंकलं की खात्याचं नाव होतंय."

"आन् हरलं की?"

"तरी देतेत."

अप्पांनी ज्वारीच्या ढिगावरून हात फिरवला. एक गिऱ्हाईक म्हणालं, "अप्पा, पोरगं खोटं बोलायलंय. जेलात असंल." दुसरं म्हणालं, "न्हाई हो, अंगावर मांस हाय की." अप्पा मला एवढंच म्हणाले, "कुनी इचारलं तर कारकून हाय म्हनून सांग. सोयरिकी मोडतील."

त्याप्रमाणे एका सोयरिकीत मी कारकून म्हणून बसलो. मुलीच्या मामांनी कामाचं स्वरूप विचारलं, आणि मी बोलता बोलता हातानं फळीवरून चेंडू जाळ्यात कसा सोडायचा ते दाखवलं. ती सोयरीक हुलसूरची होती. हुलसूरला मी अजून फारसा जात नाही.

आता त्या माणसाबद्दल सांगायला हवं, ज्याच्यामुळे माझी तेलुगू झाली. झाली म्हणजे माझ्या मते झाली. आमच्या संघात वरंगलकडचा एक बुटका गडी होता. मी जाळ्याखाली उभा राहायचा आणि तो लांबून मला चेंडू पोचवायचा. आमची खोली एक, चहा एक, बिडीसुद्धा बरेचदा एकच. खोलीवर आम्ही दखनी बोलायचो, पण मैदानात पाय पडला की त्याच्या तोंडून फक्त तेलुगू निघायची. "उर्कु" म्हणजे पळ. "इटु इय्यि" म्हणजे इकडे दे. "पट्टुको" म्हणजे पकड. आणि मी चेंडू सोडला की "दुन्नपोता". म्हणजे रेड्या. हा शब्द मी रोज इतक्यांदा ऐकला, की पुढे पुढे मीही त्याच्याकडे चेंडू फेकताना "पट्टुको, दुन्नपोता" असंच ओरडू लागलो. समोरच्या संघाला आम्ही भांडतोय असं वाटायचं आणि ते गाफील राहायचे. त्यावर आम्ही काही सामनेही जिंकले.

अशी वर्षं गेली. मग राज्याचे तुकडे होणार अशी बातमी आली. आधी ती चहाच्या दुकानात होती, मग कचेरीत आली, मग साहेबांच्या तोंडी आली. हैदराबाद राज्य मोडणार. मराठी मुलूख मुंबईकडे, कानडी मुलूख म्हैसूरकडे, आणि तेलुगू मुलूख हैदराबाद शहरासकट आंध्राकडे. नोकरही तसेच वाटले जाणार होते. आमचा बिदर-भालकीचा पट्टा म्हैसूरच्या वाटणीत पडला.

लोक आनंदात होते, काही रागात होते, सभा चालल्या होत्या. आणि मी एक करंटा, माझ्या डोक्यात एकच विचार: मैदान हैदराबादला राहणार आणि मी जाणार गुलबर्ग्याला. तिथल्या कचेरीत खुर्ची होती, टेबल होतं, खांब नव्हता. आणखी तीन-चार वर्षं माझे पाय चालले असते. त्यानंतर मला कुठेही टाका, अगदी अप्पांच्या तराजूपाशी बसवा, तक्रार नव्हती. पण ती तीन-चार वर्षं मला हवी होती. झोप उडाली, जेवण उडालं. सरावात मी मोकळं जाळं चुकवायला लागलो.

तेव्हा मला ती अक्कल सुचली. आपण तेलुगू व्हायचं.

आमच्या भागाबाहेरच्या वाचकाला हे वेड वाटेल, म्हणून सांगतो. आमच्याकडे माणूस दुकानाची पायरी चढताना भाषा बदलतो. समोरचं गिऱ्हाईक कानडी की मराठी की दखनी, हे त्यानं तोंड उघडायच्या आधी त्याच्या पागोट्यावरून ओळखायचं आणि त्याच्या भाषेत "या, बसा" म्हणायचं. भाषा शिकायची असते हेच आम्हाला माहीत नसतं. ती बाजारातून आपोआप अंगाला लागते, धुळीसारखी. कानडी लागली, उर्दू लागली. मग तेलुगू लागली नसेल कशावरून? औरादकडे, ठाणाकुशनूरला, माझी एक आत्या दिलेली होती आणि तिकडे तेलुगू बोलणारी घरं होती. गाव ठाणाकुशनूर सांगायचं, घरची बोली तेलुगू सांगायची, काम फत्ते.

मी हे बुटक्याला सांगितलं. तो बिडी ओढायची थांबला.

"तेरेकू तेलुगू आती?"

"इतके साल से तेरे साथ क्या बोलता हूँ फिर?"

"वो तेलुगू नई है," तो म्हणाला. "वो गेंद मांगना है."

त्यानं आठवडाभर शिकवायची तयारी दाखवली. मी हसून नको म्हटलं. आईबाप, घर, शेत, शाळा असले बाळबोध शब्द माझ्यासारख्या मुरलेल्या माणसानं पाठ करायचे म्हणजे अपमानच.

कुणाला कुठे धाडायचं ते ठरवायला एक साहेब नवीन आले होते. वयस्क, सडपातळ, चष्म्याचे, तेलुगू गृहस्थ. एकेकाला खोलीत बोलावून चार शब्द बोलत आणि समोरच्या कागदावर खूण करत. मी आत गेलो आणि त्यांनी सांगितलं म्हणून बसलो. तीच पहिली चूक. बसल्याबरोबर गुडघा सुरू झाला.

"मी ऊरु एदि?" त्यांनी विचारलं.

तुमचं गाव कुठलं. ऊरु म्हणजे गाव. कानडीतही तेच. मी ऐटीत म्हटलं, "ठाणाकुशनूर."

"नान्न एम् चेस्तारु?" वडील काय करतात.

दुकान म्हटलं असतं तरी चाललं असतं, हे मला नंतर कळलं. त्या घडीला डोक्यात फक्त मैदान होतं, आणि मैदानावर दुकान नव्हतं. मी उपलब्ध मालातून निवडलं. "इस्तारु," मी म्हटलं. "तीस्कुंटारु." म्हणजे देतात. घेतात.

साहेबांनी मान डोलावली. "व्यापारम्," ते स्वतःशीच म्हणाले. भुसार व्यापाऱ्याचं याहून नेमकं वर्णन मला मराठीतही करता आलं नसतं. मी चढलो.

तिसरा प्रश्न लांबलचक होता. त्यात घर होतं, माणसं होती, "एप्पुडु" म्हणजे केव्हा होतं, बाकी काही कळलं नाही. मला वाटलं, तुमचे लोक तिकडे केव्हा आणि कसे आले, असं विचारतायत. मी म्हटलं, "उर्कि. उर्कि उर्कि." म्हणजे पळत. पळत पळत.

साहेबांनी लेखणी खाली ठेवली. चष्मा काढला. पोलीस ॲक्शनच्या धामधुमीत रात्रीत गाव सोडून पळालेली घरं आमच्या बाजूला खरोखरच थोडी नव्हती, आणि त्यांनी मला त्यांतलाच एक धरला. हळू आवाजात ते काहीतरी बोलले. त्यातलं मला फक्त "पापम्" कळलं, म्हणजे बिचारे. त्यांचा चेहरा इतका कळवळला होता, की माझा गुडघाही क्षणभर थांबला. काम झाल्यात जमा होतं. त्यांनी कागद पुढे ओढला, लेखणी उचलली.

नेमका तेव्हाच शिपायानं चहा आणला. दार उघडलं, वारा आत आला आणि तो कागद टेबलावरून उडाला. साहेब धरायला पुढे वाकले, त्यांच्या बोटांना लागून कागद आणखी वर गेला.

यापुढचं मी केलं असं मला म्हणवत नाही. माझ्या अंगानं केलं. खुर्ची मागे पडली. मी टेबलाच्या कोपऱ्यावरून झेपावलो आणि कागद हवेत असतानाच, थेट साहेबांच्या तोंडावर, पोटातून ओरडलो, "पट्टुको, दुन्नपोता!"

कागद मी एका हातात झेलला. दोन्ही पायांवर उतरलो आणि सवयीनं अर्धी गिरकीही घेतली. झेल उत्तम होता, एवढं मी आजही म्हणेन.

शिपाई चहा घेऊन परत गेला.

साहेबांनी चष्मा पुन्हा चढवला. "खुर्ची उचला," ते म्हणाले, "आणि बसा." मराठीत म्हणाले, स्वच्छ मराठीत. पुढे कळलं की त्यांची कितीतरी वर्षं नोकरी उस्मानाबादेत झाली होती. "आता सांगा, घरी काय बोलता?"

"अप्पांशी मराठी," मी म्हटलं. "अव्वेशी, म्हंजे आईशी, कानडी. दुकानात उर्दू."

"आणि तेलुगू?"

"चेंडूशी, साहेब."

"ते पळून येणं?"

"मैदानातलं होतं."

कागद अजून माझ्याच हातात होता. मी तो त्यांच्यापुढे ठेवला. "म्हैसूर राज्यात तुम्हाला अडचण काय आहे?" त्यांनी विचारलं. आवाजात राग नव्हता, त्यामुळे मला जास्तच मेल्यासारखं झालं.

"काही न्हाई साहेब. तिथं खेळायला जागा न्हाई."

"ते माझ्या हातात नाही," ते म्हणाले. "माझ्याकडे वाटायला तीन राज्यं आहेत. मैदान एकही नाही." आणि त्यांनी खूण केली.

मी तसाच मैदानावर गेलो. बुटक्यानं माझं तोंड बघितलं आणि काही न विचारता हसून घेतलं. हसणं संपल्यावर त्यानं अर्धी ओढलेली बिडी माझ्यापुढे धरली. कप्तानाला मी सगळं सांगितलं, तो मला झापेल या आशेनं. या खेळाला एका बाजूला पाच गडी लागतात, आणि आमच्यात खरे खेळणारे पाचच होते. त्यानं बोटांवर हिशेब केला. एक गडी नांदेडचा, तो मुंबईकडे चालला होता. मी म्हैसूरकडे. उरले तिघे.

"तुम रहते तो भी चार होते," तो म्हणाला. "चार से कुछ नई होता."

माझ्या सगळ्या तेलुगूनं फार तर एक चौथा उभा राहिला असता. पाचवा कुठून आणणार होतो, हा विचार मी केलाच नव्हता.

गुलबर्ग्याच्या कचेरीत मला खिडकीजवळचं टेबल मिळालं. शेजारी जेवर्गीकडचे एक वयस्क कारकून होते. चौथ्या-पाचव्या दिवशी त्यांनी त्यांची दौत माझ्या टेबलापासून लांब सरकवली. मग स्वतःची खुर्ची सरकवली. "अण्णा," ते कानडीत म्हणाले, "तुमचे पाय कुठे जायचं म्हणतायत?"

निघताना कप्तानानं मला संघाचा एक जुना चेंडू दिला होता. मी बाजारातून बुरडाची टोपली आणली आणि कचेरीमागच्या कडुनिंबाला उंच बांधली. पहिला चेंडू नेमका आत गेला. गेला तो बाहेर आलाच नाही, कारण टोपलीला बूड होतं. मी खाली उभा राहून वर बघत होतो, खिडकीतून सगळी कचेरी माझ्याकडे बघत होती. शेवटी मुख्य कारकुनांनी शिपायाला झाडावर चढवलं. चेंडू खाली आला, टोपली त्यांनी काढून घेतली.

मग एका शनिवारी कचेरी सुटल्यावर मी स्टेशनवर गेलो. नुसता गाड्या बघायला गेलो होतो, असं मी स्वतःला सांगितलं. हैदराबादची गाडी आली आणि मी बसलो.

सकाळी मैदानावर तिघेही होते, आणि आणखी कोणकोण जमवलेले: एक पोस्टातला, दोन कॉलेजातले. मला बघून कुणी "आलास?" म्हटलं नाही. कप्तानानं पानाची पिंक टाकली आणि चेंडू माझ्याकडे फेकला. आम्ही ऊन चढेपर्यंत खेळलो. दुपारच्या गाडीची वेळ झाली तेव्हा दोन्हीकडचे गुण बरोबरीत होते. मी डाव टाकून स्टेशनाकडे पळालो.

त्यानंतर बहुतेक रविवारी जायला लागलो. डाव नेहमी अर्ध्यावर सुटायचा. रस्ता ओलांडताना मागे चेंडू आपटल्याचा आवाज यायचा, कुणीतरी ओरडायचं, आणि जाळ्यात पडला की चुकला ते कळायचं नाही. गाडीत वाडी जंक्शन येईपर्यंत माझ्या डोक्यात तोच चेंडू. सोमवारी कचेरीत फायलीवर तोच चेंडू. आठवडाभर जीव टांगलेला.

पुढच्या रविवारी पोचल्या पोचल्या मी पहिलं तेच विचारायचो. "पिछले हफ्ते कौन जीता?"

कप्तान आठवायचा प्रयत्न करायचा. बुटक्याकडे बघायचा. बुटका खांदे उडवायचा.

"कौनसा हफ्ता?" कप्तान म्हणायचा. "खडे क्या रहे मियाँ, खेलो."